यंत्र घेण्यापूर्वी विचारा : लिनक्सवर चालेल काय?

मोहर्लीत आमचे कापडाचे दुकान आहे. ताडोब्याच्या गेटावर येणारे पर्यटक आणि आसपासच्या गावांतील गिऱ्हाईक, या दोघांवर ते चालते. गेल्या हंगामाच्या तोंडावर आम्ही बिले छापण्यासाठी एक छोटा थर्मल प्रिंटर आणला. विक्रेता म्हणाला, "कोणत्याही कॉम्प्युटरवर चालतो." आमच्या संगणकावर लिनक्स आहे. केबल लावली, दिवा लागला, पण कागद काही सरकेना. पंधरा दिवस आम्ही हातानेच बिले लिहिली. शेजारी म्हणाले, "फुकटची वस्तू, ती अशीच असायची!"

आमचे मत निराळे आहे. दोष लिनक्सचा नव्हता. दोष होता माहिती दडवून माल विकणाऱ्याचा, आणि न विचारता माल घेणाऱ्या आमचाही.

हा विषय आज प्रत्येक दुकानदाराचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. जुन्या संगणकांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. मग एकतर नवा संगणक घ्यावा, नाहीतर जुन्यावरच लिनक्स बसवावे. हजारो रुपये वाचतात, म्हणून लहान व्यापारी दुसऱ्या वाटेचा विचार करतो. पण त्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच : माझा प्रिंटर, माझा स्कॅनर चालेल ना?

यंत्र आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये यूएसबी यंत्रांचे बहुतेक दुभाषे प्रणालीच्या गाभ्यातच असतात. यंत्र जोडताच ते आपल्या कंपनीचा आणि मालाचा क्रमांक सांगते, आणि गाभा त्याप्रमाणे दुभाषा निवडतो.

यावरून यंत्रांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सर्वमान्य नियमाने बोलणाऱ्यांचा : कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह, आणि बहुतेक बारकोड स्कॅनर, जे संगणकाला कीबोर्डच भासतात. इथे चिंता नाही. दुसरा वर्ग, ज्यांच्या उत्पादकांनी माहिती खुली केली त्यांचा. हेही भरवशाचे. उत्पादकाने पुढे लक्ष काढून घेतले तरी जगभरचे जाणकार असा ड्रायव्हर सांभाळू शकतात. तिसरा वर्ग, ज्यांचे उत्पादक तोंडच उघडत नाहीत त्यांचा. काही प्रिंटर आणि स्वस्त वाय-फाय डोंगल यांत मोडतात. त्यांचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि प्रणाली अद्ययावत झाली की तो कधी कधी बंद पडतो. त्यातही डबा तोच, नाव तेच, पण आतली चिप बदललेली, असाही प्रकार घडतो.

विंडोजवर सगळे सुरक्षित असते, असेही नाही. २०१४ साली एफटीडीआय या चिप बनविणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला. त्याने नकली चिपांचा क्रमांक शून्य करून त्या निकामी केल्या. ज्यांनी अजाणता तशी वस्तू घेतली होती त्यांचेही नुकसान झाले. ओरड झाली, तेव्हा तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तो शून्य क्रमांकही यादीत घातला गेला, आणि ती यंत्रे पुन्हा ओळखली जाऊ लागली. खुल्या कामाचा फायदा तो हाच.

तेव्हा बांधवांनो, आमची सूचना साधी आहे. लिनक्स एका पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. विक्रेत्याच्याच संगणकावर ते चालू करा, यंत्र जोडा, एक बिल छापून पाहा, मगच पैसे मोजा. ते जमत नसेल तर 'लिनक्सवर न चालल्यास परत' असे पावतीवर लिहून घ्या. बिलाचा प्रिंटर घेताना तो ईएससी-पॉस ही प्रचलित भाषा जाणतो काय, हे विचारा. आमचा दुसरा प्रिंटर याच चौकशीने घेतला, आणि तो बिनतक्रार चालतो आहे. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र असेल तर जास्तच सावध राहा. त्याला उत्पादकाची नोंदणीकृत सेवा लागते, आणि ती लिनक्ससाठी मिळेलच असे नाही. अशा कामाला वेगळा संगणक ठेवलेला बरा.

एकट्या दुकानदाराच्या विचारण्याने कंपनी हलत नाही. पण बाजारातल्या वीस जणांनी एकच प्रश्न विचारला तर विक्रेत्याला उत्तर शोधावेच लागेल, आणि तोच प्रश्न वर कंपनीपर्यंत जाईल. थानात ऐब असेल तर तो दाखवूनच कापड मोजावे, ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. तीच रीत यंत्र विकणाऱ्यानेही पाळावी, एवढेच आमचे मागणे आहे.