चाबूक आणि अंतर

सर्कशीत वाघाचे खेळ पाहिलेले आमचे समवयस्क आता आजोबा-आजी झाले आहेत. नातवंडांनी विचारले की प्रत्येकास आठवतो तो चाबूक आणि जळत्या कड्यातून उडी घेणारा वाघ. मोठी सर्कस पाहावयाची तर आम्हां सावलीकरांस चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागे. परंतु ज्यांच्या शिवारात रानचा वाघ फिरतो, त्यांस स्टुलावर बसलेल्या वाघाचे नवल अधिकच वाटे.

या खेळांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. कुरुंदवाड संस्थानातील अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे यांनी १८७९ साली मुंबईत एका इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली आणि १८८० साली आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे पुण्यात १९०२ साली जन्मलेल्या दामू धोत्रे यांनी हिंस्र श्वापदांचे शिक्षक म्हणून थेट अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीत नाव मिळविले. त्यांच्या आत्मकथेचे नाव ‘वाघसिंह माझे सखेसोबती’. ज्याच्या हाती चाबूक, त्याने श्वापदांस सोबती म्हणावे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

मग वाघ ऐके तो कशामुळे? स्वित्झर्लंडमधील प्राणिसंग्रहालयांचे संचालक हेडिगर (१९०८–१९९२) यांनी याचा उलगडा केला. वन्य प्राण्याभोवती जणू दोन अदृश्य वर्तुळे असतात. माणूस बाहेरच्या वर्तुळात शिरला की प्राणी मागे सरतो. परंतु मागे वाट नसून माणूस आतल्या वर्तुळात आला, तर प्राणी झडप घालतो. कुशल शिक्षक या सीमेवर एक पाऊल पुढे टाकी, एक मागे घेई, आणि तेवढ्याने वाघ स्टुलावर चढे. सर्वच शिक्षक इतके कुशल अथवा दयाळू नव्हते. मार आणि अरुंद पिंजरे हीही त्या खेळांची दुसरी बाजू होतीच. म्हणूनच १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल व माकड यांच्या खेळांस बंदी केली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हे योग्यच झाले.

‘व्याघ्र’ शब्द चालविताना आम्ही मुलांस सांगत असू की, तो ‘घ्रा’ म्हणजे हुंगणे या धातूपासून साधला आहे. रानातला वाघ झाडाझुडपांवर आपला गंध सोडून हद्द आखतो व दुसऱ्याची हद्द हुंगून ओळखतो. पिंजऱ्यातल्या वाघास हद्दच उरली नव्हती.

सावलीच्या रानात मात्र तो हद्दवाला वाघ आजही आमचा शेजारी आहे. चैत्रात पहाटे मोहफुले वेचणारी बाई खाली वाकलेली असते. झुडपाआड वाघ असला, तर ते वर्तुळ तिला दिसत नाही. म्हणून तिने उजाडल्यावर, सोबतीने व बोलत जावे. तसेच शेतात वाघ दिसला की तरुण मंडळी मोबाइल घेऊन त्यास चहूंकडून घेरतात. ही गर्दी म्हणजे त्याची मागची वाट बंद करणे होय. मग झडप ठरलेलीच.

वाचकहो, नातवंडांस सर्कशीची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र चाबकापाशी थांबू नये. शिक्षकाच्या मागे घेतलेल्या पावलाचीही सांगावी.