उपचारानंतरचा पहारा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले भिवपुरीचे वीजकेंद्र १९२२ पासून मुंबईला वीज पुरवीत आले आहे. ते उभारणाऱ्या टाटा उद्योगसमूहाशी निगडित असलेल्या सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. भिवपुरीची वीज मुंबईला जाते, तसा या परिसरातला कर्करोगाचा रुग्णही मुंबईलाच जातो. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात आणि रुग्ण घरी परततो. मात्र पुढे त्याच्यावर नजर कोणी ठेवावयाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

निरोगी पेशी गरजेपुरत्या वाढतात व वेळ येताच मरतात. कर्कपेशींना हा निर्बंध उरत नाही. त्यांची गाठ शेजारच्या अवयवांत घुसते, अन्ननलिका अडविते, जबडा पोखरते, रक्तस्रावाने पंडुरोग आणते. शरीराची चयापचयक्रिया बिघडवून ती स्नायू झिजविते. म्हणून दोन वेळा जेवणारा माणूसही वाळत जातो. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्त व लसिका यांच्या वाटे फुप्फुस, यकृत वा हाडे गाठतात. दिसणारी गाठ काढली म्हणजे रोग संपलाच, अशी खात्री त्यामुळे देता येत नाही.

हा पहारा मोजमापावर चालतो. स्कॅनवर दिसणाऱ्या ठरावीक गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली, तर उपचार अंशतः सफल झाल्याचे मानतात. काही कर्करोगांत रक्तातील विशिष्ट द्रव्यांचे प्रमाणही पाहिले जाते, पण केवळ त्यावर निर्णय होत नाही. तंबाखूमुळे आपल्याकडे बोकाळलेल्या मुखकर्करोगाची गोष्ट याहून साधी आहे. तो उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. आणि त्याला हेरण्याचे पहिले साधन म्हणजे तोंडात नीट पाहणारा डोळा व मान चाचपणारा हात.

एवढ्यासाठी भिवपुरीकडच्या वाडीतील ठाकूर वा कातकरी मजुराने परळ गाठावयाचे, तर त्याची आणि सोबत्याची मजुरी बुडते. दुखत नाही तोवर तो खेप टाळतो; दुखू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. यात त्याचे अज्ञान शोधणे सोपे आहे. त्याचा हिशेब समजून घेणे अधिक न्याय्य ठरेल.

तपासणीला तज्ज्ञच हवा, असा आक्षेप घेतला जाईल. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक चाचणी आरंभिली. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सेविकांनी साधे ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख तपासले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ती तपासणी रोग हेरण्याची होती, उपचारानंतरच्या देखरेखीची नव्हे, हे खरे. परंतु शिकविलेला डोळा काय करू शकतो, हे तिने सिद्ध केले.

म्हणून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी ठरावीक वार असावा. परळच्या नोंदी तेथे याव्यात, गैरहजर रुग्णाच्या घरी आरोग्यसेविकेने जावे आणि संशय येताच त्याला परळ वा खारघरच्या केंद्राकडे चिठ्ठीनिशी धाडावे. स्कॅन मोठ्या रुग्णालयातच होतील; पण प्रत्येक खेप तेथे कशाला? यंत्र सुरळीत चालले म्हणून वीजकेंद्रात काट्यांवरची नजर कोणी काढीत नाही. बऱ्या होऊन घरी आलेल्या माणसाच्या वाट्यास तेवढी तरी दक्षता यावयास हवी.