आरोग्यचर्चा : उरलेला भात आणि विषबाधा

वैनगंगेच्या काठचा आपला बालाघाट जिल्हा म्हणजे भाताचे कोठार. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. साहजिकच आपल्या मराठी घरांतून रोज भात शिजतो आणि रात्री उरलेला भात सकाळी फोडणीस पडतो. अन्न वाया न घालवण्याची शिकवण योग्यच आहे. पण कढत केले की अन्नातला दोष जातो, हा समज मात्र घातक आहे.

तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू बहुधा असतातच. ते उकळीतही तग धरतात. शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की त्यांतून जंतू वाढतात आणि विष निर्माण करतात. ते फोडणीने नष्ट होत नाही. असा भात खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात.

बोटाला पिकलेली जखम असताना खवा वा बासुंदी हाताळल्यास स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात उतरतात. त्यांचे विषही उष्णतेला दाद देत नाही. अर्धवट शिजलेल्या अंडी-मांसातील साल्मोनेला मात्र नीट शिजवल्याने मरतो. थोडक्यात, अग्नी जंतू मारतो. पण आधीच तयार झालेले विष प्रत्येक वेळी नाहीसे करीत नाही.

रासायनिक विषबाधेचे स्वरूप याहून भीषण. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील भोजनाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ मुले दगावली. शेतीवाडी असलेल्या घरांनी औषधांचे रिकामे डबे स्वयंपाकघरात कदापि आणू नयेत.

उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा आणि २ तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, शीतकपाटात ठेवावा. तो दुसऱ्या दिवशीच संपवावा. शीतकपाट नसेल, तर मोजकाच भात शिजवावा. पंगतीसाठीही सारा भात पहाटेच न करता टप्प्याटप्प्याने करावा.

उलट्या-जुलाब झाल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. लघवी कमी होणे, ग्लानी येणे, रक्त पडणे किंवा दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांच्या बाबतीत तर मुळीच वाट पाहू नये.