दुधातलं पाणी दिसतं, बुरशीचं काय?

आपल्याकडे दूध म्हटलं की पहिला संशय गवळ्यावर! पाणी घातलं असेल, युरिया घातला असेल, नाहीतर साबणाची पावडर. चॅनेलवालेही सणासुदीला हेच दाखवतात. पण एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभर केलेल्या दुधाच्या सर्व्हेचे आकडे वाचून मी तरी चक्रावले. ६,४३२ नमुन्यांपैकी जिवाला अपाय होईल अशी भेसळ निघाली फक्त १२ मध्ये. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ मध्ये!

हे कोणी मुद्दाम घालत नाही. ओल धरलेल्या मक्यावर, सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचं फंगस) येते, ती अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. जनावर ती पेंड खातं, त्याच्या लिव्हरमध्ये बी-१ चं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. दूध कितीही उकळा, ते जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. दुधात प्रमाण त्यामानाने अगदीच कमी, मान्य. पण हे विष कॅन्सर करणारं आहे, आणि दूध रोज पितात कोण? लहान मुलं.

आपल्याकडची मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोनशे टँकर, आणि त्यात सगळं मिळून एक ग्रॅम! लॅबमधलं मोठं मशीन हे पकडतं, पण रिपोर्ट येईपर्यंत दूध पिऊन झालेलं असतं. म्हणून बायोसेन्सर. तत्त्व ग्लुकोमीटरचंच. तिथे एन्झाइम साखर ओळखतं, इथे अँटीबॉडी विषाचा रेणू पकडते आणि इलेक्ट्रोड सिग्नल देतो. अँटीबॉडीवर चालणाऱ्या साध्या पट्ट्या तर बाजारात आहेतच. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत जीवाणूंचे बीजाणू वापरूनही यावर काम झालंय.

पण मित्रांनो, हा सेन्सर ठेवायचा कुठे? माझं भांडण इथे आहे. प्लँटच्या गेटवर ठेवला तर अख्खा टँकर परत जाणार आणि दोष कुणाच्या गोठ्यातला हे कधीच कळणार नाही. गावच्या डेअरीत, जिथे रोज सकाळी फॅट लावतात, तिथे तो हवा. तिथेही नुसतं दूध नाकारून काय होणार? शेतकऱ्याचं नुकसान होणार आणि बुरशीची पेंड विकणारा मात्र नामानिराळा! खराब पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध पुष्कळ स्वच्छ होतं. मग आधी पेंड तपासा ना!

आपल्याकडे फायनल इयरला दुधावर प्रोजेक्ट होतात, पण पीएच आणि टेंपरेचरच्या पुढे गाडी जात नाही. खरी डोकेफोड पुढे आहे. दुधातलं फॅट इलेक्ट्रोडला चिकटतं. मे महिन्यात, लाइट गेलेल्या गावात अँटीबॉडी टिकवायची कशी? किंमत शेतकऱ्याला परवडेल इतकी कशी आणायची? ईअँडटीसी, केमिकल आणि मेकॅनिकल, तिघांनाही पुरेल इतकं काम आहे. फक्त एक अट. तो डबा दुधाच्या कॅनइतकाच पेंडीच्या पोत्यालाही चालला पाहिजे.