नोबेलचा एक गुण, आणि त्यामागच्या बायका



'2018 चे शांततेचे नोबेल कोणाला मिळाले?' सामान्यज्ञान स्पर्धेच्या तयारीत आपण हा प्रश्न हमखास घेतो. मुलं पटकन सांगतात, डेनिस मुकवेगे आणि नादिया मुराद. एक गुण मिळाला, पुढचा प्रश्न. माझ्या मते इथे जरा थांबायला हवं. निदान आपण मोठ्यांनी तरी.

डॉ. मुकवेगे हे काँगो लोकशाही प्रजासत्ताकातले स्त्रीरोगतज्ज्ञ. नकाशात देशाच्या पूर्वेला किवू सरोवर दिसेल. त्याच्या दक्षिण टोकाला बुकावू शहर, आणि पलीकडे लगेच रवांडा. 1996 च्या युद्धात ते काम करत होते त्या लेमेराच्या रुग्णालयावर हल्ला झाला, रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले. पुढे 1999 मध्ये त्यांनी बुकावूत पान्झी रुग्णालय सुरू केलं. हेतू साधा होता, बाळंतपणात दगावणाऱ्या बायका वाचाव्यात. पण पहिली रुग्ण आली ती बाळंतपणासाठी नव्हे. हत्यारबंद माणसांनी बलात्कार करून तिला जबर जखमी केलं होतं. नंतर अशा हजारो आल्या.

आता खरा मुद्दा. ऑपरेशन झालं, जखम भरली, म्हणजे बाई बरी झाली का? काहींच्या आतल्या जखमा अशा, की लघवी सतत गळते, वास येतो, शेजारी टाळतात. ते टाके घालून दुरुस्त होतं एकवेळ. पण नवरा घरात घेत नाही, गाव कुजबुजतं, पोटी मूल आलेलं असतं, हातात पैसा नाही आणि गुन्हेगार त्याच रस्त्याने फिरतोय. म्हणून पान्झीत चार गोष्टी एकत्र चालतात : औषधोपचार, मनाला आधार, कोर्टासाठी वकील आणि पोटापाण्याचं शिक्षण. यातली एक काढली तर बाकीच्या तीन लंगड्या पडतात. 2011 पासून बुकावूतच 'सिटी ऑफ जॉय' नावाचं केंद्र आहे. नव्वद बायकांची तुकडी सहा महिने तिथे राहते, शिकते आणि आपापल्या गावात पुढाकार घेण्याच्या तयारीने परत जाते. (आपल्याकडे मदत म्हटलं की ब्लँकेट वाटप आणि फोटो!)

तुम्ही म्हणाल, सर, हा विषय प्राथमिकच्या मुलांपुढे कशाला? तपशील सांगूच नयेत, मलाही मान्य. पण 'युद्धात बायकांवर मुद्दाम अत्याचार केले जातात आणि तो गुन्हा आहे' एवढं वाक्य सातवीच्या मुलाला झेपतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2008 च्या 1820 क्रमांकाच्या ठरावात हेच म्हटलं आहे, की असा अत्याचार युद्धगुन्हा ठरू शकतो.

आणि आपली भाषा बघा. 'अब्रू लुटली', 'तिला तोंड दाखवायला जागा उरली नाही' असं आपण सहज बोलतो. गुन्हा करणारा तो आणि अब्रू गेली हिची! हे व्याकरण कुठल्या पुस्तकातलं? काँगोतली ती बाई गावाबाहेर बसते ते याच हिशेबामुळे, आणि आपल्या तालुक्यातली मुलगी शाळा सोडते तेही याच हिशेबामुळे. मुलांचं वाक्य दुरुस्त करणं हे तर आपलं रोजचं काम आहे. हेही वाक्य दुरुस्त करू या. घरी, पेपर वाचताना, पालकांनीही.

या बायका बिचाऱ्या आहेत असं मात्र मुलांना सांगू नका. ऑक्टोबर 2012 मध्ये डॉक्टरांच्या घरी हल्ला झाला, त्यांचा रक्षक मारला गेला, ते कुटुंबासह देश सोडून गेले. तेव्हा त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवले ते याच बायकांनी, अननस आणि कांदे विकून. रोजची कमाई एक डॉलरसुद्धा नसलेल्या बायका! जानेवारी 2013 मध्ये डॉक्टर परतले तेव्हा विमानतळापासून रस्त्याच्या दुतर्फा त्या उभ्या होत्या.

फेब्रुवारी 2025 मध्ये बुकावू शहर एम-23 या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं. पान्झीच्या दारात बायका अजूनही येतच आहेत.