वाटेतले तीन

एच. डी. कोटे हा म्हैसूर जिल्ह्यातला रानाला खेटलेला तालुका. एका अंगाला काबिनीचे पाणी, दुसऱ्या अंगाला नागरहोळेचे जंगल. इथे माणूस दुचाकीवरून पडतो, झाडावरून घसरतो, कधी हत्तीच्या पायाखाली येतो. त्याला गाडीत घालताना गर्दीतला कोणीतरी ओरडतो, ‘थेट म्हैसूरला न्या!’ म्हैसूर सुमारे 50 किलोमीटरवर.

या ओरडण्याच्या बाजूने पुरावा आहे, आणि तो कच्चा नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या श्रेणीची 18 ट्रॉमा सेंटरे आणि 51 साधी रुग्णालये यांची तुलना झाली. रुग्णालयात दगावलेल्यांचे प्रमाण सेंटरांत 7.6 टक्के निघाले, इतरत्र 9.5. वर्षभराने पाहिले तर 10.4 आणि 13.8. म्हणजे श्रेणीने फरक पडतो, आणि डिस्चार्जनंतर तो वाढतो. पूर्वपक्ष इथे थांबतो आणि म्हणतो, मग तालुक्याच्या दारात वेळ कशाला घालवायचा?

दुसरा पूर्वपक्ष नेमका उलटा. ‘मोठ्या दवाखान्यात गेलेला परत येत नाही, आमच्या तालुक्यात कोणी मरत नाही.’ हा नुसता खेडवळ समज म्हणून सोडून देता येत नाही, कारण आकडेवारीचे तक्ते वाचणारी शहाणी माणसेही हेच वाचतात.

दोघांचीही चूक एकच आहे. समजा, तालुक्याच्या कॅज्युअल्टीत शंभर जखमी आले. दोघे तिथेच दगावले, वीस जणांना पुढे रेफर केले. त्या विसांतले तिघे वाटेत गेले, पाच म्हैसूरला. तालुक्याची वही सांगते, मृत्यू दोन टक्के. म्हैसूरची वही सांगते, सतरांत पाच, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. वाटेतल्या तिघांपुढे एका वहीत ‘रेफर’ असा शेरा, दुसरीत फार तर ‘ब्रॉट डेड’. आकडे माझ्या मनचे आहेत, गणित मात्र खरे आहे. अमेरिकन अभ्यासाने दुखापतीची तीव्रता, वय यांचा हिशेब लावून मगच टक्के मांडले होते. आपण तेवढी तसदी न घेता दोन दारांवरच्या पाट्या वाचतो.

तरीही ‘थेट न्या’ उरतेच? नाही. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत 40 देशांतले वीस हजारांहून अधिक जखमी होते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या स्वस्त इंजेक्शनाने एकूण मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 वर आले. पुढच्या विश्लेषणात दिसले की रक्तस्राव थोपवण्याचा फायदा पहिल्या तीन तासांतच, आणि लवकर दिल्यास जास्त. तीन तासांनंतर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढला. या औषधाला न्यूरोसर्जन लागत नाही, सीटी स्कॅन लागत नाही. श्वासाची वाट मोकळी करणे, वाहते रक्त दाबून धरणे, सलाइन लावणे, पुढे फोन करणे, हेही तालुक्यात होऊ शकते. कवटीतले रक्त काढायला किंवा फुटलेली प्लीहा सांभाळायला मोठ्या दारातच जावे लागेल. तो वाद कोणी घालत नाही. पण तिथे पोहोचणारा कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे बव्हंशी खालच्या श्रेणीने ठरवलेले असते. मग वरच्या श्रेणीचे यश एकट्या वरच्या श्रेणीचे कसे?

माझे मंडन असे : तुलना रुग्णालयांची नको, रुग्णाच्या प्रवासाची करा. 108 च्या रुग्णवाहिकेला फोन लागला की जखमीला एक क्रमांक मिळावा. तोच तालुक्याच्या केसपेपरवर, तोच म्हैसूरला, आणि वर्षाने आशाताईने हाडीत जाऊन विचारावे, माणूस आहे का, चालतो का, कामावर जातो का. (हाडी म्हणजे जेनु कुरुबांसारख्या आदिवासींची वस्ती; तिथे टपालाने प्रश्नावली धाडून भागत नाही.) हे अशक्य म्हणणाऱ्यांनी केंद्राची 2025 ची योजना पाहावी. रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखांपर्यंतचे बिनपैशाचे उपचार मिळतात ते अपघाताच्या तारखेपासून सात दिवस. पैशांसाठी घड्याळ अपघाताच्या जागी सुरू होते, मोजणीसाठी मात्र रुग्णालयाच्या फाटकात.

हत्तीने तुडवलेला त्या योजनेत बसत नाही, हे वेगळेच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कोणत्याही तालुक्यातली गेल्या वर्षीची ‘रेफर’ शेऱ्याची वीस नावे घ्यावीत, ती वरच्या रुग्णालयाच्या वहीत शोधावीत आणि किती सापडली ते सांगावे.