यंत्राचा विटाळ

आमच्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम चालू होती. दहावीतला एक मुलगा ध्वनिवर्धकाला मोबाइल जोडून उभा राहिला. ब्लॅक सॅबथ या इंग्रज बँडचे १९७० सालचे 'आयर्न मॅन' हे गाणे त्याने संगणकावर नव्याने बांधले होते आणि ठेक्याच्या जागी वडिलांच्या वर्कशॉपमधल्या लेथचा नि प्रेसचा आवाज टिपून घातला होता. मिनिटभरात मी हात वर करून ते बंद करायला लावले. "हे संगीत नव्हे, हा उद्यमबागेतला गोंगाट आहे," असे वर बोललोही. शिक्षक हसले. मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, ते गाणे कारखान्यातूनच आले आहे."

मुख्याध्यापकाने चूक कबूल करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ती आज मोडतो. मुलाचे खरे होते, माझे खोटे होते. आणि माझ्यासारखेच खोटे ठासून बोलणारे रसिक जगभर आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

या रसिकांचे म्हणणे असे : हेवी मेटल हे हाताचे आणि घामाचे संगीत. तार बोटाने दाबायची, ड्रम मनगटाने बडवायचा. तेच गाणे सॅम्पलरमध्ये घालून त्याचे तुकडे केले आणि सीक्वेन्सरच्या ठरीव गतीवर बसवले, की त्यातला प्राण गेला. शिवाय गाणे दुसऱ्याचे, म्हणजे उसनवारी ती उसनवारीच.

उसनवारीचा आक्षेप आधी निकालात काढू. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथची निरोपाची मैफल झाली. मेटॅलिकासकट अनेक बँडनी तेथे सॅबथची गाणी आपापल्या ढंगाने वाजवली. त्यानंतर १७ दिवसांनी गायक ऑझी ऑस्बोर्न वारला. त्या मैफलीला कोणी चोरी म्हटले नाही, मानवंदनाच म्हटले. मग दुखणे उसनवारीचे नाही, यंत्राचे आहे. यंत्राचा विटाळ होतो!

आता या सोवळ्याचे मूळ पाहू. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तोडली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही गिटार वाजवणारा हा कलावंत. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. तारा हलक्या वापरल्या, पुढे त्या सैलही सोडल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त काही गाण्यांची गिटार नेहमीपेक्षा दीड स्वर खाली लावलेली आहे. जगाने ज्या जड, घुमणाऱ्या आवाजाला डोक्यावर घेतले, त्यात त्या यंत्राचा वाटा आहे. म्हणजे यंत्र या संगीतात मागाहून घुसलेले नाही. ते जन्मापासून घरातच आहे. इंडस्ट्रियलवाल्यांनी त्याला माजघरातून ओटीवर आणले, इतकेच.

सॅबथचेच 'सुपरनॉट' हे १९७२ चे गाणे घ्या. शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडच्या अल जोर्गेन्सनने '१००० होमो डीजेज' या नावाखाली १९९० साली ते यंत्रावर चढवले. यात काही गमावले का? गमावले. बिल वॉर्डच्या ड्रममध्ये जॅझचा झोल होता, लय किंचित पुढेमागे होई, ती मौज गेली. हे मान्य न करणारा वकील खोटा. पण जे आले तेही ऐका. मूळ गाण्यात माणूस गिरणीतून सुटून मोकळा पळतो असे वाटते. नव्या गाण्यात तो गिरणीतच अडकला आहे आणि भोंगा झालेला नाही. एकाच गाण्याची ही दोन टोके यंत्राशिवाय दिसली नसती.

दुसरा दाखला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'डी क्रुप्स'चा. या मंडळींनी १९८१ सालीच पोलाद कारखान्याच्या नावाने सिंफनी काढली होती. १९९२ मध्ये त्यांनी मेटॅलिकाची गाणी इलेक्ट्रॉनिक साजात केली. त्यात 'वन' आहे. मूळ १९८८ चे, सुरुंगाने हातपाय, डोळे, कान, वाचा सारे हिरावलेल्या सैनिकाचे. देह यंत्रांच्या आधारावर जिवंत आणि आत मन जागे. आता मला सांगा, ही कथा यंत्राच्या तोंडून यावी यात विसंगती कोणती? उलट तेथे यंत्र हे साथीला नाही, ते कथेतलेच पात्र आहे.

तिसरा दाखला आपल्या सीमाभागाने तरी कान देऊन ऐकावा. स्लोव्हेनियातल्या त्रबोव्हल्ये या खाणींच्या गावी १९८० साली एक बँड निघाला. त्याने नाव घेतले 'लायबाख'. हे राजधानी ल्युब्लियानाचे जर्मन नाव. महायुद्धातल्या जर्मन सत्तेची आठवण जिवंत असलेल्या देशात तो निखाराच होता. १९८३ मध्ये त्या नावावर बंदी आली. एका गावाला दोन नावे असली की पाटीवरच्या अक्षरांना किती वजन येते, हे बेळगावकराला कोणी शिकवायला नको. या लायबाखने १९८७ साली इंग्लंडच्या क्वीन बँडचे 'वन व्हिजन' जर्मनमध्ये गायिले. क्वीनला कोणी काटेकोर अर्थाने हेवी मेटल म्हणणार नाही, पण गाणे दणदणीत रॉकचे आहे. इंग्रजीत ते एकजुटीचे आनंदगान वाटते. तोच आशय जर्मन भाषेत, घोगऱ्या आवाजात, कवायतीच्या ठेक्यावर आला आणि अंगावर काटा उभा राहिला. 'आपण सारे एक' ही घोषणा कोणाच्या तोंडी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या ठेक्यावर येते यावर ती आमंत्रण की धमकी हे ठरते. हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा त्या चार मिनिटांत जास्त कळते.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? हार्मोनियम ही परदेशी पेटी, तिला मींड येत नाही, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओने तिला दाराबाहेर ठेवले. त्याच काळात आपली नाट्यगीते आणि भजने त्याच पेटीवर घरोघर चालू होती. मींड येत नाही हा आक्षेप खराच होता. बंदी मात्र मूर्खपणाची होती. एकच बंदिश ग्वाल्हेरवाला एका तऱ्हेने मांडतो, किराणावाला दुसऱ्या तऱ्हेने, आणि आपण दोघांनाही दाद देतो. मग हाच न्याय आपल्या पोरांना का नाही?

सगळ्याच यांत्रिक आवृत्त्यांची वकिली मी करत नाही. जुन्या गाण्याखाली धाडधाड ठेका घालून नाचायला सोडून दिलेला माल ढिगाने आहे. त्याला खुशाल नावे ठेवा. माझी कसोटी साधी आहे : नवे ऐकून झाल्यावर जुने पुन्हा ऐकावेसे वाटते का, आणि तेव्हा त्यात आधी न ऐकलेले काही ऐकू येते का? येत असेल तर ती आवृत्ती नव्हे, ते भाष्य आहे.

त्या दिवशी मी ज्या आवाजाला गोंगाट म्हटले, त्याच आवाजावर आमच्या शाळेतल्या कितीतरी घरांची चूल पेटते. मुलाने बापाच्या कामाचा आवाज व्यासपीठावर आणला आणि मी तो सर्वांदेखत बंद केला. ही टोचणी माझी आहे. तो आता कॉलेजात आहे. यंदाच्या संमेलनाला माजी विद्यार्थी म्हणून त्याला बोलावले आहे. लेथचा आवाज आणायला सांगितले आहे आणि आवाज थोडा कमी ठेव, अशी विनंतीही केली आहे. तो ती पाळेल असे वाटत नाही.